दुसऱ्या वेळच्या कळा

माझा थोरला पायाळू. नववा सरत आला तरी त्याने डोकं खाली वळवलं नाही आणि सांगलीला, माहेरी, ठरवून सिझेरियन झालं. दिवस भरताना 100 बाळांपैकी 3-4 अशी उलटी बसलेली असतात, त्यांतला आमचा एक. (पोटातून काढला असला तरी माझ्या मावशीच्या लेखी तो पायाळूच. कंबरेत उसण भरली की ती अजून त्याला हाक मारते, कारण पायाळूचा पाय लागला की उसण जाते यावर तिचा पूर्ण विश्वास.) दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आम्ही पुण्यात स्थिरावलो होतो आणि मला मनापासून वाटत होतं की या खेपेला कळा देऊन बघाव्यात. त्या नऊ महिन्यांत जे उमगलं ते लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. जिच्या पोटावर तो टाका आहे तिच्याशी बोलावं, एवढाच हेतू.

1. पोटावर दिसतो तो टाका आणि आत पिशवीवर असतो तो टाका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा छेद आडवा आणि नीटस असला म्हणून आतला तसाच असेल, असं सांगता येत नाही. पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद असेल तर पुढच्या वेळी कळा देऊन बघता येतात. वरच्या जाड भागावर उभा छेद असेल तर कळांच्या जोराने तो उसवण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त, आणि मग तो विचार सोडायचा. ‘एकदा सिझेरियन की कायम सिझेरियन’ हे न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी 1916 साली लिहिलं, तेव्हा छेद उभाच दिला जायचा. शिवाय त्यांचा रोख पहिलंच सिझेरियन उठसूट करू नका, हे सांगण्यावर होता. पुढच्या काही दशकांत छेद खाली आला, आडवा झाला. तरी आमच्या सोसायटीच्या बाकावर मला ते वाक्य शंभर वर्षांनंतर जसंच्या तसं ऐकायला मिळालं.

2. सगळ्यात आधी लागतो तो कागद. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी किंवा नोकरीच्या गावी. म्हणजे कागद तिकडे आणि पोट इकडे. माझ्या डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ एवढंच होतं. त्याचा अर्थ खालच्या भागावरचा छेद, हे पुण्याच्या माझ्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पण त्यांना ऑपरेशनची मूळ नोंद हवी होती. छेद बाजूला फाटत गेला होता का, कसा शिवला, नंतर ताप आला का, हे त्यांना वाचायचं होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरांनी 3 वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. बाबा सांगलीच्या त्या दवाखान्यात गेले, अर्ज दिला आणि झेरॉक्स घेऊन आले. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून, सातबाराचा उतारा आणावा तशी जपून आणली. त्या एका पानामुळे मॅडमचा सूर बदलला. तोवर त्या ‘बघू’ म्हणत होत्या. पान वाचून झाल्यावर ‘करून बघायला हरकत नाही’ म्हणाल्या.

3. पहिलं सिझेरियन का झालं, याचं उत्तर बहुतेक जणींकडे दोन शब्दांचं असतं. ‘पाणी कमी’, ‘नाळेचा वेढा’, ‘कळाच येईनात’. मी मैत्रिणींना विचारत गेले तेव्हा लक्षात आलं की त्या दोन शब्दांच्या पलीकडे कुणी कुणाला काही सांगितलंच नव्हतं. आणि दुसऱ्या वेळचा अंदाज तर त्या कारणावर बराच अवलंबून असतो. बाळ उलटं होतं हे कारण त्या वेळेपुरतं. पुढचं बाळ सरळ असलं की ते कारण संपलं. कळा येऊनही पिशवीचं तोंड पुरतं उघडलं नाही किंवा बाळ खाली सरकलं नाही, असं झालं असेल तर यशाची शक्यता थोडी कमी होते, संपत मात्र नाही. एकूण बघितलं तर सिझेरियननंतर विचारपूर्वक कळा देऊन बघणाऱ्या 100 जणींपैकी 60 ते 80 नॉर्मल बाळंत होतात. आधी एखादं बाळंतपण नॉर्मल झालेलं असेल तर त्याहून जास्त. हा आकडा ऐकून मी मॅडमच्या खुर्चीसमोर रडले. मला तोवर कुणी आकडाच दिला नव्हता, नुसते चेहरे दिले होते.

4. धोक्याचाही आकडा मागून घ्यावा. पिशवीवर खाली आडवा टाका असलेल्या बाईला आपोआप कळा सुरू झाल्या, तर तो टाका उसवण्याची शक्यता साधारण 200 त 1. मी हा आकडा बरेच दिवस मनात घोळवत होते. रात्री डोळे मिटले की एका मंगल कार्यालयात बसलेल्या 200 बायका दिसायच्या आणि त्यांतली ती एक मीच असायची. टाका उसवला तर ते किरकोळ नसतं. काही मिनिटांत पोट उघडावं लागतं, बाळाला इजा होऊ शकते, बाळ दगावूही शकतं, क्वचित पिशवी काढावी लागते. हे मॅडमनी मला नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि मला त्यांचा आधार वाटला तो त्यामुळेच. मग त्यांनी दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट मांडली. पुन्हा सिझेरियन म्हणजे पुन्हा मोठं ऑपरेशन. आतले अवयव एकमेकांना चिकटण्याची शक्यता वाढते. आणि दर सिझेरियनगणिक पुढच्या गरोदरपणात वार खाली, जुन्या टाक्यावर रुजण्याचा, तिथे घट्ट चिकटून बसण्याचा धोका वाढत जातो. त्यात होणारा रक्तस्राव फार भयंकर असतो. आम्हाला दोनच मुलं हवी होती, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा आमच्यापुरता थोडा हलका पडत होता, तेही त्यांनी सांगितलं. जिला तिसरं हवं आहे तिचं गणित वेगळं. आणि जिला हे सगळं ऐकून ठरवून सिझेरियनच करावंसं वाटतं, तिचा निर्णयही तितकाच विचाराचा, तितकाच धीराचा.

5. ‘नाही’ म्हणणारा प्रत्येक डॉक्टर पैशासाठी नाही म्हणत नसतो. आधी ज्या नर्सिंग होममध्ये मी नाव घातलं होतं तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, ‘आमच्याकडे नको.’ मला राग आला. मग त्यांनी कारण सांगितलं. बारा खाटांचा दवाखाना, भूलतज्ज्ञ चार ठिकाणी जाणारे, रात्री बोलावलं तर सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून पोचायला त्यांना पाऊण तास लागू शकतो, आणि रक्त बाहेरच्या पेढीतून आणायचं. ‘टाका उसवला तर माझ्याकडे पाऊण तास नसेल,’ ते म्हणाले. इतकं खरं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. त्यांनीच मला जिथे भूलतज्ज्ञ चोवीस तास आत असतात, रक्तपेढी त्याच आवारात आहे, अशा मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता दिला. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी रुग्णालयांत हे सगळं रात्रंदिवस असतं, तिथे सिझेरियननंतरच्या नॉर्मल बाळंतपणांचा अनुभव असलेले हात असतात, हे आपण मध्यमवर्गीय लोक लक्षातच घेत नाही.

तरीही माझ्या मनातली शंका मी दडवून ठेवणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशातल्या खासगी दवाखान्यांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात आणि सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. इतकी तफावत एकट्या भूलतज्ज्ञाच्या अंतराने होत नसावी. कळांची वाट बघण्यात डॉक्टरची सबंध रात्र जाते, ओपीडी मोडते, आणि त्या वेळाचं मोल आपल्या व्यवस्थेत कुणी देत नाही. मला हे बदलायला हवं असं वाटतं, आणि ते एकेका बाईने भांडून बदलणारं नाही.

6. घरच्यांच्या भीतीला उत्तर देत बसण्यापेक्षा तिला ओपीडीत घेऊन जाणं बरं. आईने मला पहिल्या वेळी स्ट्रेचरवरून आत जाताना पाहिलं होतं. ‘एकदा पोट उघडलंय, आता पुन्हा जिवाशी खेळ कशाला,’ हे तिचं पालुपद. सासूबाईंचं उलटं. त्यांची चारही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. त्यांना यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळेना. आणि नात्यातल्या एका काकांनी तर सिझेरियनचा मुहूर्तही काढून पाठवला होता, नक्षत्रासकट. मी सातव्या महिन्यात आई आणि सासूबाई दोघींना बरोबर नेलं. मॅडमनी त्यांना पिशवीचं चित्र काढून दाखवलं, टाका कुठे आहे ते दाखवलं, काय झालं तर काय करू ते सांगितलं. आईने एकच विचारलं, ‘तुमची मुलगी असती तर?’ मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘तिला जे हवं ते करू दिलं असतं, पण इथेच.’ त्या दिवसानंतर आईने विषय काढला नाही. तिची भीती गेली असं नाही. तिने ती स्वतःजवळ ठेवली आणि मला डिंकाचे लाडू करायला घेतले.

7. शरीराची तयारी मला वाटली होती त्याहून पुष्कळ साधी निघाली. चालणं, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, वजन. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाका उसवण्याचा धोका वाढतो. आमचं अंतर चांगलं होतं. बाकी काय खावं, कसं बसावं याचे सल्ले मिळतात ते ऐकून घ्यावेत.

8. सगळ्यात अवघड तयारी वाट बघण्याची. टाका असलेल्या पिशवीला कळा आणण्यासाठी घाई करता येत नाही. कळा आणण्याच्या ज्या गोळ्या आणि जेल एरवी सर्रास वापरतात, त्यांतली बरीच औषधं इथे टाळली जातात, कारण त्यांनी उसवण्याचा धोका वाढतो. सलाइनमधून कळांचं औषध दिलं तरी ते फार जपून. म्हणजे तारीख उलटली की तुम्ही आणि तुमचं बाळ, दुसरं काही हातात नाही. ‘अजून नाही का?’ असं दिवसातून कितीदा तरी विचारलं जातं. शेजारच्या आजींनी एरंडेल आणून दिलं होतं, प्रेमानेच. मी ते कपाटात ठेवलं आणि मॅडमना विचारलं. त्यांनी साफ नको सांगितलं. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की 41 आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबायचं, रोज बाळाच्या हालचाली मोजायच्या, आणि तोवर आपोआप काही झालं नाही तर सिझेरियन. ही सीमा आधी आखून ठेवल्याचा मला फार उपयोग झाला. तारखेनंतरच्या हळव्या दिवसांत नव्याने काही ठरवण्याची ताकद उरत नाही.

9. सिझेरियनची तयारीही तितक्याच मायेने करावी. माझ्या वहीत दोन पानं होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: शुद्धीत ठेवा, बाळ आधी माझ्या छातीशी द्या, पहिल्या तासात पाजू द्या, थोरल्याला संध्याकाळी भेटायला आणा. पहिल्या वेळी मला बाळ दिसलं ते बऱ्याच वेळाने, दुपट्यात गुंडाळलेलं. ते पान लिहिताना कळलं की माझं दुःख ऑपरेशनचं कमी आणि त्या मधल्या वेळाचं जास्त होतं.

10. कळा सुरू झाल्यावर मी फिरेन, दिवा मंद असेल, असं माझ्या मनात होतं. प्रत्यक्षात पोटाला पट्टा बांधला आणि बाळाचे ठोके सतत कागदावर उमटत राहिले. हाताला सुई लावलेली, रक्ताचा नमुना पेढीत गेलेला. खाटेच्या कडेला बसता येत होतं, उभं राहून पुढे वाकता येत होतं, तेवढंच. त्या पट्ट्याचा मला सुरुवातीला काच झाला. मग कळलं की टाक्याला काही झालं तर पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते. दुखणं, रक्तस्राव या खुणा नंतरच्याही असू शकतात किंवा नसतातही. एपिड्यूरल घेतलं तर टाक्याचं दुखणं कळणार नाही, म्हणून ते चालत नाही, असं मी ऐकून होते. भूलतज्ज्ञांनी सांगितलं, चालतं, आणि ठोक्यांवर लक्ष असतं ते त्यासाठीच. मी घेतलं. माझी नणंद आत माझ्याबरोबर होती. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात, 2017 पासून, प्रसूतीच्या वेळी बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं म्हटलेलं आहे. तरी ‘नातेवाईक बाहेर थांबा’ हे वाक्य अजून ठिकठिकाणी ऐकू येतं. नणंदेने काही विशेष केलं नाही. पाठ चोळली, पाणी दिलं, आणि मॉनिटरवरचा आकडा खाली गेला की माझ्याऐवजी सिस्टरकडे बघितलं. मला आयुष्यभर पुरेल इतकं ते आहे.

11. नॉर्मल बाळंतपणातही टाके असतात. शेवटी मी थकले, व्हॅक्यूम लावावा लागला, खाली छेद घ्यावा लागला. मुलगी झाली. वार पडली, मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग बराच वेळ शिवणकाम चाललं. पहिले काही दिवस मला बसता येत नव्हतं. पहिल्या वेळी हसता येत नव्हतं. पण त्याच संध्याकाळी मी उठून चालत गेले आणि घरी आल्यावर थोरल्याला जवळ ओढून कुशीत घेता आलं. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. दुसरीला आणखी काही महत्त्वाचं वाटेल.

12. माझ्याच मॅडमकडे, माझ्यासारखीच तयारी करणारी एक मैत्रीण होती. तिचं बाळही सरळ, टाकाही तसाच, हिंमत माझ्याहून जास्त. कळांमध्ये बाळाचे ठोके घसरले आणि तिचं दुसरं सिझेरियन झालं. बाळ छान आहे. तिला भेटायला येणारी प्रत्येक बाई ‘अरेरे, शेवटी कापावंच लागलं का’ म्हणून गेली. मला ते अजूनही सहन होत नाही. तिने कळाही सोसल्या आणि ऑपरेशनही सोसलं, आणि लोकांनी तिचं सांत्वन केलं. तिचं अभिनंदन करायला हवं होतं. बारशाला मी ते तिला सगळ्यांसमोर सांगितलं.

13. हे सगळं विचारायची वेळ नववा महिना नाही. नवव्यात बाई थकलेली असते, घरचे घाबरलेले असतात, आणि कुणीही ‘आज रात्री करून टाकू’ म्हटलं की मान हलवली जाते. तेव्हा पाचव्या-सहाव्या महिन्यातच, बसून, शांतपणे विचारा. गेल्या वर्षी तुमच्याकडे सिझेरियननंतर किती जणींनी कळा देऊन बघितल्या आणि किती नॉर्मल झाल्या? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात? रक्त कुठून येतं? तुम्ही सुट्टीवर असाल तर कोण असेल, आणि त्यांचं मत तुमच्यासारखंच आहे का? नेमकी उत्तरं मिळाली तर तिथेच राहा, मग ते उत्तर ‘आमच्याकडे सिझेरियनच होईल’ असं असलं तरी त्यावर घरी जाऊन विचार करता येतो. मोघम उत्तरं मिळाली तर दुसरं ठिकाण बघा. पाचव्या-सहाव्या महिन्यात दवाखाना बदलायला पुष्कळ वेळ असतो.